मुळांची सोयरीक

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

विज्ञानावर बोलायचा माझा अधिकार बी.ए.च्या पदवीएवढाच, आणि तीही मराठी वाङ्मय घेऊन मिळवलेली. पण तीसेक वर्षं कविता लिहिताना मूळ, माती, अंकुर हे शब्द मी इतके वापरले की पुढे पुढे संकोच वाटू लागला. ज्याच्या जिवावर एवढ्या ओळी झाल्या, ते मूळ जमिनीखाली दिवसभर करतं तरी काय, हे एकदा नीट समजून घ्यावं म्हटलं. शाळेत शिकवलं होतं की मूळ झाडाला धरून ठेवतं आणि पाणी ओढतं. म्हणजे अर्धा खुंटा आणि अर्धा नळ. प्रत्यक्षात ते बरंच बोलकं प्रकरण आहे. मूळ मातीत साखर वाटतं, निरोप धाडतं, पाहुणे बोलावतं, नको त्यांना दाराबाहेर ठेवतं, आणि कधीकधी फसतंही.

मी राहतो नागपूरच्या मनीषनगरात. इथे राहायला आलो तेव्हा बेसा रोडने थोडं पुढे गेलं की तुरीची आणि पऱ्हाटीची वावरं लागायची. आता फ्लॅट स्कीम लागतात. तरी कुठे पाया खणला की खालची काळी माती ढिगाने वर येते. पावसाळ्यात चपलेला सोडत नाही, आणि मे महिन्यात हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा पाडते. अशा सुपीक मातीच्या एका ग्रॅममध्ये, म्हणजे चिमूटभर मातीत, काही कोटी जिवाणू सहज असतात. शिवाय बुरशीचे धागे, सूत्रकृमी, एकपेशीय जीव निराळे. मात्र ही वस्ती सगळीकडे सारखी नसते. मुळाला चिकटून असलेल्या मातीत ती कितीतरी दाट होते. या मातीच्या पातळ थराला लोरेंझ हिल्टनर या जर्मन शास्त्रज्ञाने १९०४ साली ‘रायझोस्फिअर’ असं नाव दिलं. आपण त्याला मुळांचा शेजार म्हणू.

हा शेजार दाट का होतो? कारण तिथे जेवण मिळतं. पानं उन्हात उभी राहून जी साखर करतात, तिच्यातला चांगला वाटा झाड मुळांवाटे मातीत सोडून देतं. साखर, आम्लं, प्रथिनांचे तुकडे असं काय काय त्यात असतं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हा उधळेपणा वाटला. उन्हातान्हात केलेली कमाई कोणी अशी मातीत घालतं का? पण झाड उधळं नसतं. त्याला बदल्यात काही हवं असतं.

काय हवं असतं ते तुरीच्या वावरात डोळ्यांनी पाहता येतं. पेरणीला महिना-दीड महिना झाला की एखादं रोप मुळाशी माती ओली करून हळूच काढा. ओढून उपटू नका, नाहीतर पाहायचं तेच जमिनीत राहील. मुळांवर बारीक गाठी दिसतील. एक गाठ नखाने फोडा. आतून गुलाबी निघाली तर कारखाना सुरू आहे असं समजा. हिरवी-तपकिरी निघाली तर काम संपलंय. हा गुलाबी रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या एका सख्ख्या भावंडाचा आहे. वनस्पतीच्या मुळात रक्ताचा रंग! हे कोणत्याही कवीच्या कल्पनेच्या बाहेरचं होतं.

या गाठींत रायझोबियम नावाचे जिवाणू राहतात. मार्टिनस बाइयेरिंक या डच शास्त्रज्ञाने १८८८ मध्ये ते गाठीतून वेगळे काढून दाखवले. हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे, पण तो झाडाच्या काही कामाचा नाही, कारण त्याचे दोन अणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की झाडाला ते सोडवता येत नाहीत. खत कारखान्यात हे काम चारशे अंशांच्या वरच्या तापमानात आणि हवेच्या शंभर-दोनशे पट दाबाखाली करावं लागतं. तुरीच्या गाठीतला जिवाणू ते श्रावणातल्या मातीच्या तापमानाला करतो.

पण तो गाठीत शिरतो कसा, ही खरी मजा आहे. नायट्रोजनची चणचण असली की तुरीचं मूळ विशिष्ट रसायनं मातीत सोडतं. ओळखीचा जिवाणू त्यांना उत्तर म्हणून स्वतःचं रसायन सोडतो. ते उत्तर बरोबर असेल तरच मुळावरचा केस वाकतो, जिवाणूला कवेत घेतो आणि आतपर्यंत एक बारीक बोळ तयार करून देतो. उत्तर चुकलं तर दार उघडत नाही. सोयरीक जुळवताना आपल्याकडे गाव, घराणं विचारतात, तसलाच हा प्रकार. सोयाबीनचा जिवाणू निराळा आणि हरभऱ्याचा निराळा. म्हणून सोयाबीन आपल्याकडे नव्याने आलं तेव्हा त्याचा जोडीदार इथल्या मातीत पुरेसा नव्हता आणि पाकिटातून आणावा लागला. आजही कृषी केंद्रात जिवाणू खताचं २५० ग्रॅमचं पाकीट मिळतं. साधारण दहा किलो बियाण्याला ते गुळाच्या थंड पाण्यातून चोळायचं, बियाणं सावलीत सुकवायचं आणि लगेच पेरायचं. सावलीत यासाठी की जिवाणू जिवंत असतात आणि ऊन त्यांना मारतं. पाकीट दुकानदाराने उन्हात ठेवलेलं असेल तर आपण नुसती काळी पूड विकत घेतली असं समजायचं.

आणखी एक गोष्ट. जमिनीत युरिया भरपूर पडला असेल तर झाड गाठी फारशा करू देत नाही. फुकट मिळत असताना जिवाणूला साखर कशाला खाऊ घालायची, असा त्याचा रोकडा हिशेब असतो. जुने शेतकरी ‘बेवड’ म्हणायचे. आधीच्या पिकाचा पुढच्या पिकासाठी जमिनीवर राहिलेला गुण म्हणजे बेवड. हरभऱ्याचा बेवड चांगला, हे त्यांना बाइयेरिंकचं नावही न ऐकता ठाऊक होतं. पऱ्हाटीत तुरीचं एखादं तास टाकायची वऱ्हाडातली रीतही तशीच जुनी. ज्वारी आणि तूर एकत्र पेरली तर तुरीवरचा मर रोग कमी येतो, हे तर संशोधकांनीही पुढे मोजून पाहिलं. हा मर रोग जमिनीतल्या फ्युजॅरियम नावाच्या बुरशीमुळे येतो.

जाता जाता एक सांगतो. शेंगा दिसल्या म्हणजे मुळांवर गाठी असतीलच असं नाही. आमच्या मनीषनगरातले गुलमोहर आणि बहावा ही शेंगांचीच झाडं, पण त्यांच्या मुळांवर या गाठी होत नाहीत. करंजाला होतात.

आता बुरशीकडे येऊ. बुरशी म्हटलं की आपल्याला लोणच्यावरचा पांढरा थर आठवतो आणि नाक मुरडतं. पण जमिनीवरच्या वनस्पतींपैकी बहुतेक जाती, ढोबळमानाने दहातल्या सात-आठ, मुळांमध्ये एक बुरशी सांभाळून असतात. या जोडीला आल्बर्ट फ्रँक या जर्मन वनस्पतीतज्ज्ञाने १८८५ मध्ये ‘मायकोरायझा’ नाव दिलं. शब्दशः ‘बुरशी-मूळ’. त्यातला सर्वांत पसरलेला प्रकार मुळाच्या पेशीत शिरून तिथे फांद्या फुटलेल्या इवल्या झाडासारखा आकार घेतो. स्कॉटलंडमध्ये चाळीस कोटी वर्षांपूर्वीच्या खडकात वनस्पतींचे जे अवशेष सापडले, त्यांच्या आतही असे आकार दिसले आहेत. तेव्हाच्या वनस्पतींना धड मुळंही फुटलेली नव्हती. म्हणजे मूळ यायच्या आधी बुरशी आली होती.

बुरशीचे धागे मुळाच्या केसाहूनही कितीतरी बारीक असतात. मुळाला जिथे जाता येत नाही त्या फटीत ते जातात आणि स्फुरद, जस्त, थोडं पाणी घेऊन येतात. स्फुरद मातीत असतो, पण तो जागचा हलत नाही. मूळ आपल्या भोवतीचा संपवतं आणि हात चोळत बसतं. बुरशी दूरचा आणून देते आणि बदल्यात साखर आणि स्निग्ध पदार्थ घेते.

या व्यवहारात एक किस्सा आहे, आणि त्यातलं पहिलं पात्र आपली पऱ्हाटी आहे. १९६६ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी कपाशीच्या मुळांतून झिरपणाऱ्या द्रवातून एक पदार्थ वेगळा केला. त्या पदार्थाच्या अगदी नगण्य अंशानेही टारफुल्याचं बी उगवतं, असं दिसलं. टारफुला शेतकऱ्यांना सांगायला नको. ज्वारीच्या मुळावर बसून तिचा रस पिणारं ते तण. त्याचं बी धुळीसारखं बारीक असतं, जमिनीत वर्षानुवर्षं झोपून राहतं आणि जवळ यजमानाचं मूळ आल्याचा वास लागला की जागं होतं. त्या पदार्थाला टारफुल्याच्या शास्त्रीय नावावरून ‘स्ट्रायगॉल’ म्हणू लागले. पण कोडं असं की, झाड आपल्याच वैऱ्याला उठवणारं रसायन मातीत का सोडेल? कोणता घरमालक दरोडेखोरासाठी दिवा लावून ठेवतो?

उत्तर मिळायला जवळजवळ चाळीस वर्षं लागली. २००५ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं की या जातीची रसायनं ही मुळाने मायकोरायझा बुरशीला घातलेली साद आहे. स्फुरद कमी पडला की झाड ही साद वाढवतं आणि बुरशीचे धागे फुटून मुळाकडे येऊ लागतात. दिवा पाहुण्यासाठीच लावलेला होता. टारफुला फक्त तो उजेड चोरून पाहायला शिकला. म्हणूनच हलक्या, भुकेल्या जमिनीत टारफुला जास्त माजतो, हे शेतकऱ्यांचं निरीक्षण एकदम अर्थपूर्ण वाटू लागतं. जमीन जितकी उपाशी, तितकी मुळाची हाक मोठी, आणि हाक जितकी मोठी, तितके ऐकणारेही जास्त.

इथवर आलो म्हणजे पावसाचं बोलायला हवं, कारण झाडाला चालता येत नाही. ऊन लागलं तर आपण सावलीला जातो. झाडाला उभ्या जागीच काहीतरी करावं लागतं. माती सुकू लागली की मुळांकडून वर निरोप जातो, पानांत एक संप्रेरक वाढतं आणि पानांवरची सूक्ष्म छिद्रं मिटतात. पाणी वाचतं, पण त्याच छिद्रांतून कार्बन डायऑक्साइड आत येत असतो, तोही थांबतो. शिवाय घाम थांबल्यामुळे पान तापतं. तहान आणि भूक यांतली एक निवडायची, असा तो प्रसंग. नागपूरच्या उन्हाळ्यात झाडांवर तो रोज दुपारी येतो. २३ मे २०१३ रोजी आमच्याकडे पारा ४७.९ अंशांवर गेला होता. (२०२४ च्या मे अखेरीस इथल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले आणि देशभर बातमी झाली. तो यंत्रातला दोष असल्याचा खुलासा नंतर हवामान खात्याने केला. आम्हा नागपूरकरांना मात्र तो आकडा फारसा अशक्य वाटला नव्हता.)

दुष्काळात मुळांचा शेजारही बदलतो. ज्वारीवरच्या अलीकडच्या अभ्यासात दिसलं की पाणी तुटलं की मुळांभोवती ॲक्टिनोबॅक्टेरिया या कुळातल्या जिवाणूंचं प्रमाण वाढतं आणि पाणी दिलं की जुनी वस्ती परतते. हे कूळ आपल्या नकळत आपल्या चांगल्या ओळखीचं आहे. क्षयावरचं पहिलं प्रभावी औषध स्ट्रेप्टोमायसीन १९४३ मध्ये याच कुळातल्या जिवाणूपासून मिळालं. आणि पहिल्या पावसाचा जो मृद्गंध, ज्याच्यावर मराठीत लिहिल्याशिवाय कोणी कवी होत नाही असा रिवाज आहे, तो प्रामुख्याने याच जिवाणूंनी केलेल्या ‘जिऑस्मिन’ नावाच्या पदार्थाचा वास आहे. कोरड्यात टिकून राहिलेल्यांचा तो वास. हे कळल्यावर माझी जुनी एक कविता मी पुन्हा वाचली आणि ती तशीच ठेवली. कवितेला ते आधीच थोडंफार कळलं होतं, अशी मी स्वतःची समजूत घातली.

उलट टोकाला अतिवृष्टी. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. माणसांचं जे झालं ते सगळ्यांनी पाहिलं. मुळांचं काय होतं ते कोणी पाहत नाही. मुळंही श्वास घेतात. मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरल्या की प्राणवायू काही काळातच संपतो, गाठींतलं काम मंदावतं आणि मूळ पाणी ओढेनासं होतं. कपाशीत तर ‘आकस्मिक मर’ नावाचा प्रकार आहे. बरेच दिवस पावसाची उघडीप, कडक ऊन, आणि मग एकदम जोरदार पाऊस. एक-दोन दिवसांत हिरवीगार झाडं माना टाकतात. शेतकरी औषध मागायला कृषी केंद्रात धावतो, पण तिथे मारायला जंतूच नसतो. धक्काच तो.

हे सगळं मला पुस्तकातून फार तर अर्धं कळलं असतं. उरलेलं काटोल तालुक्यातल्या माझ्या मामूंच्या संत्राबागेत कळलं. मामू घरात उर्दू बोलतात, पण बागेत पाऊल टाकलं की त्यांची भाषा आपसूक मराठी होते. आळं, सल, फळगळ, ताण, डोळा बांधणं. या शब्दांना त्यांच्याजवळ दुसरी भाषाच नाही. मला गंमत वाटते ती ‘बहार’ या शब्दाची. फारसी शब्द, अर्थ वसंत ऋतू. संत्र्याच्या बागेत तो येऊन राहिला आणि ‘मृग बहार’ झाला. अर्धा इराणचा, अर्धा आपल्या नक्षत्रांचा. ‘कलम’ही तसंच. मी कागदावर चालवतो तीही कलम, आणि मामू रोपवाटिकेतून आणतात तेही कलमच.

नागपुरी संत्र्याचं झाड हे मुळात दोन झाडांची सोयरीक. वर संत्रा, खाली जंबेरी किंवा रंगपूर लिंबू. आपण फळ नागपुरी खातो, पण मातीशी व्यवहार करणारं मूळ जंबेरीचं असतं. लिंबूवर्गीय झाडांच्या मुळांवर केस फार कमी आणि आखूड असतात. म्हणून स्फुरदासाठी ती मायकोरायझा बुरशीवर इतर अनेक झाडांपेक्षा जास्त अवलंबून असतात. वाफ देऊन पूर्ण निर्जंतुक केलेल्या मातीत लिंबूवर्गीय रोपं वाढवली तर ती पिवळी, खुरटी राहतात, असं परदेशातल्या रोपवाटिकांना अनुभवाने कळलं. रोगजंतू मारायला गेले आणि सोयरेही मेले.

संत्र्याला फूल यावं म्हणून झाडाला दुखवावं लागतं. त्यालाच ताण देणं म्हणतात. आंबिया बहारासाठी डिसेंबरच्या थंडीत पाणी तोडायचं, जमिनीच्या मगदुरानुसार महिना-सव्वा महिना. वाढ थांबते, फांद्यांत अन्न साठतं आणि जानेवारीच्या सुमारास पाणी मिळालं की झाड फुलांनी भरतं. मृगासाठी ताण मे महिन्यात आणि पाणी थेट पावसाचं. या साऱ्या पद्धतीचा पाया एकच, की आकाश वेळेवर वागेल. डिसेंबरात अवकाळी पाऊस आला की ताण मोडतो, झाड फुलांऐवजी पालवी काढतं. मृग लांबला की मृग बहार बुडतो. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भात गारपीट झाली तेव्हा मामूंच्या झाडांची साल जागोजागी फुटली होती. “झाडाचं कॅलेंडर फाटलंय,” असं मामू तेव्हा म्हणाले.

त्यांच्या बागेत अडीचशे झाडं होती. आधी एक पिवळं पडलं, मग त्याच ओळीतलं शेजारचं. पानं गळाली, बुंध्यातून डिंक वाहू लागला. आमच्याकडे याला डिंक्या म्हणतात. मामूंना वाटलं, उन्हाने झाड तहानलंय. त्यांनी पाणी वाढवलं. जितकं पाणी वाढलं तितकी झाडं जास्त वाळली.

याचं कारण फायटोफ्थोरा नावाचा जीव. बुरशीसारखा दिसतो, पण खऱ्या बुरशीच्या कुळातला नाही. शैवालाचा तो दूरचा नातलग. आयर्लंडमध्ये १८४५ पासून बटाट्याचं पीक कुजवून लाखोंना उपाशी मारणारा होता तो याच्याच गोतातला. याचे बीजाणू शेपटीवर पोहतात, आणि पोहायला त्यांना मोकळं पाणी लागतं. मुळांतून झिरपणाऱ्या साखरेचा, आम्लांचा माग काढत ते मुळापर्यंत येतात. म्हणजे मूळ सोयऱ्यांसाठी जे वाटतं, त्याचाच वास घेऊन हाही येतो. आधी बारीक पांढरी मुळं कुजतात. मग झाड पाण्यात उभं राहून तहानेने मरतं, कारण प्यायला तोंडच उरलेलं नसतं. पाटाचं पाणी एका आळ्यातून दुसऱ्या आळ्यात जाताना या बीजाणूंना बागभर फिरवून आणतं. ओळीतलं पुढचं झाड का वाळलं, ते इथे कळतं.

नागपूरला अमरावती रोडवर लिंबूवर्गीय फळांवर संशोधन करणारी केंद्रीय संस्था आहे. १९८५ मध्ये ती राष्ट्रीय केंद्र म्हणून सुरू झाली. शेतकऱ्यांना दिले जाणारे सल्ले ऐकायला साधे आहेत. झाडाला दुहेरी आळं करा, म्हणजे बुंध्याभोवती एक कोरडं कडं ठेवा आणि पाणी बाहेरच्या कड्यात द्या, पाणी बुंध्याला लागता कामा नये. जमलं तर ठिबक करा. पावसाळ्याआधी आणि नंतर बुंध्याला बोर्डो मलम लावा. डोळा बांधलेला जोड जमिनीपासून वीतभर तरी वर ठेवा. शेणखतात ट्रायकोडर्मा मिसळून आळ्यात घाला. ट्रायकोडर्मा ही दुसऱ्या बुरशीवर जगणारी बुरशी. ती जागा अडवते आणि वैऱ्याला खाते. मात्र हे झाड अर्धं कुजल्यावर करायचे उपाय नव्हेत. मला खंत वाटते ती याची, की दुहेरी आळ्याला एका माणसाच्या कुदळीपलीकडे खर्च नाही, तरी ती माहिती काही बागांत फार उशिरा पोचते. महागडी बाटली मात्र दुसऱ्याच दिवशी पोचलेली असते.

मातीतली ही सोयरीक पार तुटली तर पुन्हा जोडता येते का? याचं एक उत्तर नागपूर जिल्ह्यातच सावनेर तालुक्यात आहे. गुमगावच्या मँगनीज खाणीतून निघालेल्या खडक-मुरमाच्या ढिगांवर गवतही धरत नव्हतं. त्याला माती म्हणणंच कठीण. नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी तिथे खड्ड्यांत साखर कारखान्याची मळी घातली आणि रोपांच्या मुळांना त्या त्या जातीला साजेसे जिवाणू आणि मायकोरायझा बुरशी दिली. सागवान, शिसव, बांबू अशी झाडं तिथे उभी राहिली. खापरखेड्याच्या वीज केंद्राच्या राखेच्या ढिगावरही या रीतीने झाडं लावली गेली. नुसती झाडं लावून भागत नव्हतं. त्यांच्यासोबत त्यांचं गणगोतही न्यावं लागलं.

आमच्या गल्लीत याच्या उलट चित्र आहे. रस्ता सिमेंटचा झाला, आणि करंजाच्या नि कडुनिंबाच्या बुंध्याला भिडवून सिमेंट ओतलं गेलं. पाणी आत जायला वाट नाही, हवेला नाही, गळालेलं पान कुजायला जागा नाही. मुळांच्या शेजाराचं रेशनच बंद. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांच्या बाबतीत बुंध्याभोवतीचं एक मीटरचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. हा एक मीटर सगळ्या शहरांनी मनावर घेण्यासारखा आहे. आमच्या गल्लीत आम्ही चार घरांनी मजूर लावून तीन झाडांची गळपट्टी फोडून घेतली. चौथं झाड आधीच वाळलं होतं.

मामूंनी शेवटी अडीचशेपैकी एकशे दहा झाडं काढली. जळणाला नेणारे ट्रॅक्टर आले त्या दिवशी ते धुऱ्यावर पाठ करून बसले होते. मोकळ्या झालेल्या जागेत दोन वर्षं त्यांनी हरभरा आणि ज्वारी घेतली. हरभऱ्याच्या गाठी फोडून मला दाखवल्या, गुलाबी होत्या. गेल्या जूनमध्ये नवी कलमं लावली. खड्ड्यात शेणखत आणि ट्रायकोडर्मा, जोड वीतभर वर, आळी दुहेरी, आणि ठिबकची नळी बुंध्यापासून हातभर लांब. एक कलम त्यांनी पिशवीतून काढून माझ्यासमोर धरलं आणि मातीच्या गोळ्याबाहेर आलेली जंबेरीची पांढरी मुळं बोटाने दाखवली.

“पहिला बहार कधी धराल?” मी विचारलं.

“पाच-सहा वर्षं तरी झाड वाढू द्यायचं,” ते म्हणाले. “त्याच्या आधी फळ घेतलं की झाड खचतं.”

मामू यंदा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत.